ग्रँट आणि मॅकग्रेगर एकाच कुळातले का?

जायांची_वेणी, म्हार्दोळ
नमस्कार. लेक एडिंबरोला नर्स आहे, तिथल्याच मुलाशी लग्न केलं. जावई ग्रँट, त्याची आई माहेरची मॅकग्रेगर. चवथीला दोघं घरी आली होती. माटोळीखाली (गणपतीवर टांगतो ती फळाफुलांची चौकट) पाट मांडताना सासूबाईंनी (वय ८४) त्याला सरळ गोत्रच विचारलं. लेकीने कसंबसं समजावलं, तर तो हसत म्हणाला, आमच्याकडचे म्हातारे म्हणतात की ग्रँट आणि मॅकग्रेगर मुळात एकाच रक्ताचे. झालं! "म्हणजे ह्याच्या आईबापांचं सगोत्र लग्न?" तेव्हापासून रोज तोच विषय.

त्याच्याकडे वडिलांच्या बाजूची एक जुनी नोंद आहे. १७७४ च्या आधीचा बाप्तिस्मा, मुलाच्या बापाचं नाव लिहिलंय 'मॅकग्रेगर ऊर्फ ग्रँट'. मोबाइलवर फोटो दाखवला, शाई पसरलेली, पण 'ऊर्फ'चा शब्द स्पष्ट. ह्याचा अर्थ काय लावायचा? आणि कागदांवरून नातं शोधायचं कसं?

जुना_कागद, पणजी
बाई, तुमच्या जावयाच्या हातात सोनं आहे. तो 'ऊर्फ' सोडू नका.

१६०३ साली राजा सहावा जेम्स याने मॅकग्रेगर हे नावच बंद केलं. नाव लावलं तर थेट मृत्युदंड. मग लोकांनी ग्रँट, कॅम्बेल, मरे, ड्रमंड, जे आडोशाला मिळालं ते आडनाव घेतलं. तिथला नामांकित बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगरसुद्धा आईचं कॅम्बेल आडनाव लावत असे. १६६१ ला बंदी उठली, १६९३ ला परत लादली, ती कायमची गेली १७७४ ला. म्हणजे तुमची नोंद बंदीच्या काळातली. घरात मॅकग्रेगर, चारचौघांत ग्रँट. भटजीसारखा पाद्री मात्र खरं जाणून होता, त्याने वहीत दोन्ही लिहून ठेवली.

मी नोकरीत तीस वर्षं पोर्तुगीज कागद वाचले, त्यामुळे हे ओळखीचं वाटतं. आपल्याकडे एकाच वांगडातले (गावच्या मूळ घराण्यातले) दोन भाऊ, एक बाटला आणि पाद्र्याचं आडनाव घेऊन बसला, दुसरा देव घेऊन नदीपलीकडे गेला. आज आडनावं बघून कोण म्हणेल भाऊबंद? उलटही होतं. बोरीचा तो बोरकर, म्हणून सगळे बोरकर एका घरचे होत नाहीत. स्कॉटलंडच्या डोंगरातही जमीनदाराच्या आश्रयाला राहणारी कुळं त्याचंच नाव लावत. तेव्हा आडनाव हा पुरावा मानूच नका. गाव, जमीन, साक्षीदार बघा.

मडगावचा_ग्लासगोत
कामाचं सांगतो. स्कॉटलंडच्या सरकारी नोंदींच्या साइटवर नाव नोंदवलं की सूची फुकट चाळता येते, मूळ पानाचं चित्र बघायला पैसे पडतात. नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून. त्या पहिल्या वर्षी अधिकाऱ्यांना भलताच उत्साह होता. जन्माच्या दाखल्यात आईबापांचं वय, जन्मगाव, लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं विचारलंय. कारकून कंटाळले असणार, पुढच्या वर्षी रकाने छाटले. घराण्यात कुणी १८५५ चं सापडलं तर आधी तेच काढा. त्या मागे चर्चच्या वह्या, सर्वांत जुनी १५५३ ची. पण डोंगराळ भागात त्या बऱ्याच उशिरा सुरू होतात आणि पानं गायब असतात.

दोन गोष्टी सोप्या आहेत. मृत्यूच्या दाखल्यात आईचं माहेरचं आडनाव असतं, बाईच्या थडग्यावरही बहुतेक तेच. आणि थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही त्यांची रीत. आपल्यासारखीच. पण हा अंदाजाचा मार्ग, पुराव्याचा नव्हे. स्पेलिंगच्या नादी लागू नका. 'मॅक'ची तीन-चार रूपं एकाच माणसाच्या नावावर मी पाहिलीत.

खाजन_बांध
एक शंका. 'एकाच रक्ताचे' हे जे म्हातारे म्हणतात, ते ऊर्फमुळे नव्हे. ती वेगळीच कथा. ग्रँट, मॅकग्रेगर, मॅकिनन वगैरे सात घराणी स्वतःला नवव्या शतकातल्या राजा केनेथच्या बापाची, आल्पिनची, संतती म्हणवतात. १५९१ साली मॅकग्रेगर आणि मॅकॉलीच्या प्रमुखांनी भाऊबंदकीचा करारही सही करून ठेवला. पण करार म्हणजे वंशावळ नव्हे. संकटात साथ हवी असली की माणूस पणजोबा शोधतोच. पुरुषवंशाच्या डीएनए तपासणीतून सातांचा एकच मूळपुरुष सिद्ध झालेला नाही.

जुना_कागद, पणजी
बरोबर. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. ग्रँट कूळ आणि मॅकग्रेगर कूळ नात्यातलं का? ती दंतकथा. तुमच्या जावयाचा हा एक ग्रँट मुळात मॅकग्रेगर होता का? बहुधा होता, आणि त्याचा कागद आहे. पुढचं पाऊल, त्याच चर्चच्या वहीत त्या बापाच्या भावंडांच्या नोंदी शोधा. साक्षीदारांत मॅकग्रेगरांची गर्दी दिसली तर समजा. आणि आईकडचे मॅकग्रेगर कुठल्या खोऱ्यातले, ते त्यांच्या जन्माच्या दाखल्यांवरून लावा. गाव निराळं निघालं तर सगोत्राची भीती सोडा.

जायांची_वेणी, म्हार्दोळ
सगळ्यांचे आभार. बाईचं माहेरचं नाव थडग्यापर्यंत टिकतं, हे वाचून जरा हेवा वाटला. माझं तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललं, पुढे कुणी मला शोधलं तर सापडायची नाही.

जावयाने काल आईच्या पणजोबांचा जन्माचा दाखला काढला. जन्मगाव निराळंच आहे, खोरंही वेगळं. सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तें सगळें बरें. तांचो कुळदेव खंयचो, तें विचार."