समग्र जीवनशैली नोकरीच्या धबडग्यात कशी बसवावी?

कोथरूडचा पादचारी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझे वय ४७ असून मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गेल्या दिवाळीनंतर झालेल्या तपासणीत माझे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचे माप) ६.१ आले. उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो असल्यामुळे ‘तुम्हाला कसली साखर, तुम्ही तर सडपातळ’ असे नातेवाईक म्हणतात. शिंप्याच्या टेपने मात्र कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर भरला.

तेव्हापासून ‘समग्र जीवनशैली’ या विषयावर जे जे वाचनात आले ते ते मी सुरू केले. तांब्याच्या भांड्यातील पाणी, लिंबू-मध, गुळवेलीचा काढा, बागेबाहेरच्या गाडीवरचा दुधी-कारल्याचा रस, बारा सूर्यनमस्कार, गुरुवारचा उपवास आणि रविवारी वेताळ टेकडी, असा तो कार्यक्रम आहे. काढ्यापुरती पत्नीही सहभागी झाली असून ती सकाळची थायरॉइडची गोळी काढ्याबरोबरच घेते. दर वेळी हा उत्साह तीन आठवडे टिकतो आणि तिमाहीअखेरचे काम आले की सगळे एकदम बंद पडते. आठवड्यातून चार दिवस रात्री साडेनऊ ते अकरा अमेरिकेतील ग्राहकांबरोबर बैठक असते, त्यानंतर मी जेवतो आणि एकच्या सुमारास झोपतो. या यादीतले नेमके काय ठेवावे आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

सातारा रस्त्यावरचा डॉक्टर

आपली सविस्तर माहिती वाचून मला आपल्या काढ्यापेक्षा रात्रीच्या जेवणाची काळजी अधिक वाटली. सडपातळ दिसणाऱ्या माणसाला मधुमेहाचा धोका नसतो, हा समज चुकीचा ठरवण्यात आपल्या पुण्याचाच मोठा वाटा आहे. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपला आणि आपले ब्रिटिश सहलेखक युडकिन यांचा असा जोडफोटो प्रसिद्ध केला होता, ज्यात दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा) सारखाच, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. आपला बीएमआय २२.८ आहे, म्हणजे तो कागदावर निर्दोष आहे. मात्र भारतीय पुरुषासाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात आणि ५.७ ते ६.४ हे एचबीए१सी मधुमेहपूर्व अवस्थेत मोडते. शिंप्याचे निदान बरोबर आहे.

दिलासा देणारी गोष्टही सांगतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंधक अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांनी आहार आणि चालणे एवढेच बदलल्यावर सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या आसपास कमी झाली, आणि तीही वजन फारसे न घटता. आपल्यासारख्याने म्हणूनच वजनकाट्याकडे बघून खंतावू नये.

आता आपल्या यादीविषयी. काढ्याबरोबर थायरॉइडची गोळी घेणे आजच थांबवावे. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, त्यानंतर किमान अर्धा तास चहासुद्धा नको, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचे अंतर हवे. गुळवेल रोज दीर्घकाळ घेतल्याने यकृताला सूज आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत. त्यामुळे ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ असे गृहीत धरू नये. गाडीवरच्या रसाविषयी तर मी रुग्णांशी भांडतो. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटॅसिन नावाचे विषारी द्रव्य असते, ज्यामुळे तीव्र उलट्या, आतड्यातून रक्तस्राव आणि रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडतात. दुधी कडू लागताच फेकून द्यायचा, ही घरातली साधी रीत आहे. पण त्याच पेल्यात कारले मिसळले असेल, तर कोणता कडूपणा कोणाचा हे कळणार कसे?

राहिली रात्र. बैठक हलवता येत नसेल तर जेवण हलवावे. पावणेआठला घरच्यांबरोबर जेवून दहा मिनिटे चालून मग बैठकीला बसावे, आणि बैठकीत चहा घेऊ नये, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. झोप सात तासांची हवी. एवढे सहा आठवडे जमले तरच पुढचे काही जोडावे.

शनिवारातील आजी

डॉक्टरांनी ‘दहा मिनिटे चालून’ असे लिहिले आहे, त्याला आमच्या घरात शतपावली म्हणत आणि तिच्यासाठी घड्याळ लागत नसे. जेवणानंतरचे थोडेसे चालणे रक्तातील साखरेचा चढ कमी करते, हे आता प्रयोगांनी दाखवले आहे, याचा मला आनंद आहे. सासूबाईंना तो झाला नसता, कारण त्यांना पुराव्याची गरज वाटत नसे.

मला बोलायचे आहे ते गुरुवारच्या उपवासाविषयी. तुम्ही त्या दिवशी काय खाता ते लिहिलेले नाही, तरी मी सांगू शकते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस आणि संध्याकाळी भगर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नावालाच असतात, आणि त्यावर बटाटा म्हणजे ‘एकादशी दुप्पट खाशी’ याचे जिवंत उदाहरण झाले. श्रद्धेने उपवास करत असाल तर अवश्य करा, परंतु त्याला आरोग्याचे नाव देऊ नका. किंवा मग त्या दिवशी ताक, दही, शेंगदाणे आणि फळ यांवर राहा.

एरवीच्या जेवणातही प्रथिनांचा हिशेब एकदा मांडून पाहा. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम लागतात आणि आपल्या पातळ वरणाच्या वाटीतून फार तर पाच-सहा ग्रॅम मिळतात. पोळ्या चार आणि उसळ दोन चमचे, हे आपल्या पानाचे प्रमाण उलटे करावे लागेल. मोड आलेली मटकी, पिठले, भाजणीचे थालीपीठ, चाकवताची ताकातली भाजी, ज्वारीची भाकरी यांत परके किंवा महाग काहीच नाही. शुद्ध शाकाहारी असाल तर ब१२ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्या. ती कमतरता आपल्याकडे घरोघरी सापडते आणि ती कोणत्याही पालेभाजीने भरून निघत नाही. माझ्या हातापायांना मुंग्या येत असताना मी वर्षभर मेथी खात बसले होते, म्हणून हे सांगते.

शंकेखोर

एवढी चर्चा झाली, पण मूळ दुखण्याला कोणी हात लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ सालच्या व्याख्येत आरोग्य हे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य आहे. ज्या माणसाचे दिवसाचे दोन-अडीच तास हिंजवडीच्या रस्त्यावर आणि रात्रीचे दीड तास परदेशी ग्राहकासमोर जातात, त्याला तांब्याचा लोटा देऊन काय होणार? आपण कंपनीकडे बैठकीची वेळ बदलून मागितली आहे काय? की पुणेकर असूनही आपल्याला दुपारी एक ते चारचे महत्त्व सांगावे लागेल?

आसनस्थ

मी योगशिक्षक आहे, त्यामुळे सूर्यनमस्कारांची बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. त्यांचा विसाव्या शतकात प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी हे औंधचे संस्थानिक होते (हे औंध साताऱ्याकडचे, आपले सांगवीशेजारचे नव्हे, हा गोंधळ माझ्या वर्गात दर वर्षी होतो). व्यायाम उत्तम आहे. परंतु तीन आठवडे पूर्ण ताकदीने आणि मग काहीच नाही, ही त्याची रीत नव्हे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात वाग्भटाने बलवान माणसालासुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले आहे आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. बारा जमत नसतील तर चार घालावेत, पण तिमाहीअखेरीसही चारच घालावेत. पाठ आखडलेली असेल तर अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीत दोर, विटा आणि खुर्ची यांचा आधार घेतात. पन्नाशीकडे झुकलेल्या शरीराला तो मानवतो. मात्र आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असे काही तरी हवेच, मग ते जोर-बैठका असोत वा वजने.

टेकडीबद्दल एक दुरुस्ती. सकाळच्या कोवळ्या उन्हाने शरीराचे घड्याळ ताळ्यावर येते आणि रात्रीची झोप सुधारते, म्हणून जरूर जावे. परंतु त्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही, त्यासाठी साधारण दहा ते तीनच्या दरम्यानचे ऊन अंगावर पडावे लागते.

कोथरूडचा पादचारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काढा आणि गाडीवरचा रस दोन्ही थांबवले आहेत. पत्नीने गोळीची वेळ बदलली असून दोन महिन्यांनी ती टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासून घेणार आहे. शंकेखोर यांचा प्रश्न लागला, कारण मी खरोखरच कधी विचारले नव्हते. काल विचारले, तेव्हा चारपैकी दोन बैठका सकाळी साडेसातला घेण्यास समोरची मंडळी सहज तयार झाली. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. उरलेल्या दोन दिवशी पावणेआठला जेवलो, तर अकराला पुन्हा भूक लागली. त्या वेळी दूध घ्यावे की तसेच झोपावे, एवढे आजींनी किंवा डॉक्टरांनी सांगावे.

शनिवारातील आजी

आधी पावणेआठच्या पानात काय होते ते लिहा. नुसता वरणभात असेल तर भूक लागणारच.