मदत हवी आहे: काकांच्या जुन्या लेन्स, पण कॅमेरा डिजिटल. कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

काकांचा हॅसलब्लाड ५००सी/एम माझ्याकडे आला. सोबत झाइसच्या तीन लेन्स: डिस्टागॉन ५० मिमी एफ/४, प्लानार ८० मिमी एफ/२.८ आणि सोनार १५० मिमी एफ/४. तिन्ही जुन्या सी मालिकेतल्या. शिवाय त्याच पेटीत ममिया ६४५ ची ८० मिमी एफ/१.९ निघाली. ती काकांकडे कशी आली हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

दोन वर्षं फिल्मवर काढली. एका रोलमध्ये बारा फोटो, त्याचं काही वाटत नाही, उलट हात आवरता राहतो. कंटाळा आलाय तो स्कॅनिंगचा. अख्खा रविवार धुळीचे ठिपके टिपण्यात जातो. म्हणून डिजिटल घ्यायचंय, पण लेन्स ह्याच वापरायच्या. नवी एकही लेन्स घेणार नाही, हे घरी कबूल करून बसलोय.

फोटो कसले काढतो? खिडकीच्या उजेडात माणसं, आणि जवळून वाळक्या शेंगा, बिया, पानं. व्हिडिओ नको, पळत्या गोष्टी क्वचित. डोळ्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, त्यामुळे हाताने फोकस करताना मोठं करून बघायची सोय हवीच.

यादीत तीन वापरलेले कॅमेरे आहेत: हॅसलब्लाड एक्स१डी (२०१६), फुजी जीएफएक्स ५०आर (२०१८) आणि फुजी जीएफएक्स ५०एस टू (२०२१). पेंटॅक्स ६४५झेडही कुणीतरी सुचवला होता, पण तो आरशाचा कॅमेरा. त्याचं माउंट (लेन्स बसते ती कडी) ते सेन्सर अंतर ७०.८७ मिमी आणि ममियाच्या लेन्सला लागतं ६३.३. म्हणजे ममिया त्याच्यावर अनंतापर्यंत फोकस होणारच नाही. तो बाद.

मन एक्स१डीकडे ओढतं, खरं सांगायचं तर नावामुळे. मित्राचा एक दुपारभर मागून आणला. खिडकीतला फोटो बघून मी गप्पच झालो. मग पुतणी झोक्यावर बसली होती तिचा काढला, तर झोक्याचे दोर सरळ यायच्या ऐवजी धनुष्यासारखे वाकलेले! घरात दिव्याखाली काढलेल्या फोटोत आडवे पट्टे. माझं काही चुकतंय का?

दुसरी अडचण अडॅप्टरची, म्हणजे जुनी लेन्स ह्या कॅमेऱ्यांना जोडणाऱ्या नळीची. दुसऱ्या एका ओळखीच्यांचा ५०आर दोन दिवस मिळाला होता. त्यासाठी एक स्वस्तातला अडॅप्टर घेतला. प्लानार लावून लांबच्या टेकडीवर फोकस केला, तर टेकडी स्पष्ट होते तेव्हा रिंग अनंताच्या खुणेवर नसून दहा मीटरपाशी असते. आणि खिडकी चौकटीत आली की फोटोच्या मधोमध फिकट, धुरकट डाग येतो. लेन्स बिघडली की अडॅप्टर?

तिसरं म्हणजे, ५० मिमी आता पूर्वीइतकी रुंद दिसत नाही. ह्यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

तुमचं काही चुकत नाहीये. एक्स१डीच्या बॉडीत शटरच नाही, ते त्याच्या स्वतःच्या लेन्समध्ये असतं. तुमच्या लेन्समध्येही शटर आहे, पण साध्या अडॅप्टरवरून कॅमेऱ्याला ते चालवता येत नाही. मग उरतं इलेक्ट्रॉनिक शटर. ते सेन्सर वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जातं आणि ह्या ५० मेगापिक्सेल सेन्सरला अख्खी चौकट वाचायला सेकंदाचा पाव ते एक तृतीयांश भाग लागतो. तेवढ्यात झोका पुढे सरकलेला असतो, म्हणून दोर वाकतात. दिवा लुकलुकतो, त्याचे पट्टे उमटतात. आणि फ्लॅश विसराच.

फुजीच्या बॉडीत पडद्याचं शटर आहे. कुठलीही मुकी (कॅमेऱ्याशी न बोलणारी) लेन्स लावा, ते चालतंच. फ्लॅश १/१२५ ला जुळतो. सेन्सर म्हणाल तर एक्स१डी, दोन्ही फुजी, झालंच तर ६४५झेड, सगळ्यांत मूळ जात एकच: साधारण ४४ × ३३ मिमी, ५१ मेगापिक्सेल. त्यामुळे खिडकीतला फोटो बघून गप्प झालात त्याचं श्रेय बरंचसं काकांच्या लेन्सला द्या.

५०एस टू घ्या. त्यात सेन्सर हलवून कंप सावरायची सोय आहे, ५०आरमध्ये नाही. १५० मिमी हातात धरून काढाल तेव्हा कळेल. मेनूत दोन गोष्टी मात्र करा: ‘लेन्सशिवाय फोटो’ चालू ठेवा, नाहीतर शटर पडणारच नाही, आणि लेन्स बदललीत की तिचा मिमी आकडा हाताने भरा. ८० वर ठेवून १५० लावलीत तर कंप नीट सावरला जाणार नाही. मी सहा महिने तसंच वापरत होतो.

प्रतिसाद २

अडॅप्टरबद्दल. हॅसलब्लाडच्या जुन्या माउंटचं अंतर ७४.९ मिमी, फुजीचं २६.७. वजाबाकी केली की अडॅप्टर ४८.२ मिमी जाड हवा. तुमचा पातळ आहे. किती पातळ, तेही काढता येतं: ८० चा वर्ग ६४००, भागिले दहा मीटर म्हणजे १०,००० मिमी. ०.६४ मिमी. अडॅप्टर बनवणारे थोडा पातळ मुद्दामच ठेवतात, कारण जाड झाला तर अनंत कायमचा हातचा जातो. पण अर्ध्या मिलिमीटरहून जास्त म्हणजे जरा अतीच. फोटो बिघडणार नाही, फक्त लेन्सवरच्या अंतराच्या खुणांवर विसंबू नका, आणि सगळ्यात जवळचा फोकसही थोडा मागे सरकेल. शेंगांसाठी तसंही एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढे सरकवून जवळून फोकस करू देणारी रिकामी नळी) लागणारच. नंतरची फ्लोटिंग एलिमेंटवाली (आतल्या काही काचा वेगळ्या सरकणारी) डिस्टागॉन असती तर मात्र ह्या फरकाने कडा खराब झाल्या असत्या. तुमची सी आहे, चिंता नाही.

तो मधला डाग लेन्सचा नव्हे. अडॅप्टर काढा, खिडकीकडे धरून आतून तिरका बघा. नळी आतून चकाकत असेल. ह्या लेन्स ५६ × ५६ ची चौकट भरायला बनवल्या आहेत. सेन्सरबाहेर पडणारा तो सगळा जादा उजेड नळीच्या भिंतीवर आपटून आत येतो. काळा मखमली चिकटकागद आतून लावा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो: सी लेन्सवर एफ/८ लावलं, म्हणजे उजेडाचं भोक लहान केलं, तरी ते मिटवणारी पाती उघडीच राहतात. ती मिटवायला लेन्सवरची प्रीव्ह्यूची कळ दाबावी लागते. नवीन माणूस हमखास फसतो, सगळे फोटो एफ/२.८ चे निघतात. ममियावर ए आणि एम अशी कळ असेल, ती एमवर ठेवलीत की झालं.

प्रतिसाद ३

सगळे बॉडी विकत घ्यायला सांगताहेत, पण काकांचा ५००सी/एम कपाटात का टाकायचा? हॅसलब्लाडचं सीएफव्ही टू ५०सी बॅक (सेन्सर असलेली डिजिटल पाठ) त्याच्याच मागे लागतं. फिल्मचं मॅगझिन काढा, हे बसवा. लेन्सचं स्वतःचं शटर चालतं, फ्लॅश अगदी १/५०० पर्यंत. खाली मान घालून काचेवर चित्र बघायची मजा वेगळीच.

प्रतिसाद २

मजा आहे, पण चष्मेवाल्या माणसाला सुचवण्यापूर्वी विचार करा. मी वापरलंय. फोकस घासकाचेवर करायचा, आणि ती काच सेन्सरशी केसभर जरी जुळत नसली तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. फिल्मवर हे खपून जायचं. चौकट आडवी, त्यामुळे उभ्या फोटोसाठी कॅमेरा कुशीवर वळवायचा, मग वरून बघायची सोय संपली, प्रिझम (डोळ्याला लावून समोर बघायचा व्ह्यूफाइंडर) शोधा. थेट मागच्या पडद्यावर बघून काम करायचं तर ते तिपाईवरचं. शेंगांसाठी उत्तम, पुतणीसाठी नाही.

प्रतिसाद १

५० मिमीचं राहिलं. चौरस फिल्मचा कर्ण ७९ मिमी, ह्या सेन्सरचा ५५. त्यामुळे तुमची ५० आता ३५ मिमी कॅमेऱ्यावरच्या ४० सारखी दिसते, ८० ची ६३, आणि १५० ची साधारण ११८. माणसांच्या फोटोंना हे उलट पथ्यावरच पडतं. रुंद हवं असेल तर शिफ्ट अडॅप्टर बघा. लेन्स जागेवर ठेवून कॅमेरा डावीकडे १२ मिमी, मग उजवीकडे १२ मिमी सरकवून फोटो काढायचे आणि जोडायचे. ६८ × ३३ ची चौकट मिळते, आणि लेन्स जेवढं गोल चित्र पाडते त्यात ती अजून बसते. आडव्या दिशेने हे काकांच्या फिल्मपेक्षाही रुंद झालं. अर्थात समोरचं काही हलता कामा नये.

धागालेखक

सगळ्यांचे आभार. अडॅप्टर आतून पाहिला, चमच्यासारखा चकाकत होता. मखमली कागद लावला. कडा नीट बसेना म्हणून दोनदा उचकटला. पण डाग गेला. आणि हो, प्रीव्ह्यूची कळ मला खरंच माहीत नव्हती. ५०आरवरचे दोन्ही दिवसांचे सगळे फोटो उघड्या एफ/२.८ चे आहेत. मी समजत होतो जुनी लेन्स अशीच मऊ असते.

एक्स१डीचा नाद सोडला. बॅकचं वाचून रात्रभर मन खाली-वर झालं, पण पुतणी स्थिर बसणाऱ्यांतली नाही. ५०एस टू बघतोय. आता एकच: वापरलेला घेताना सेन्सर कसा तपासायचा?

प्रतिसाद २

कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा, फोकस मुद्दाम बिघडवून, एफ/२२ वर. साधी धूळ दिसली तर ती साफ होते. साफ करूनही ठिपका त्याच जागी राहिला, किंवा रेघ दिसली, तर सोडून द्या. ह्यासाठी लेन्स मात्र तुमचीच घेऊन जा. आणि कळ दाबायला विसरू नका.