'ऐनवेळी उत्पादन' चालेल का?

तर्जुमा
मराठी माध्यमाच्या मुलांसाठी परिव्यय लेखांकनाची (कॉस्ट अकाउंटिंगची) टिपणं करतोय. आधीच्या मसुद्यात इन्व्हेंटरीला 'वस्तुसूची' आणि जस्ट-इन-टाइमला, म्हणजे साठा न करता लागेल तेव्हा लागेल तेवढंच बनवण्याच्या पद्धतीला, 'ऐनवेळी उत्पादन' केलंय. त्यातून 'शून्य वस्तुसूची' तयार झाली. म्हणजे माल नाही, की यादीच नाही? तिथे मी 'मालसाठा' घेतोय. पण 'ऐनवेळी'चं काय करू? ऐनवेळी म्हटलं की धांदल आली. इथे तर सगळं आधी ठरलेलं असतं. 'यथासमय' कसं वाटतं?

शॉपफ्लोअर
यथासमय कुणी बोलत नाही. आम्ही चाकणला गाड्यांचे सुटे भाग पुरवतो, हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळे जस्ट-इन-टाइमला जेआयटीच म्हणतात. ट्रक अडकला की फोन येतो, 'लाइन उभी राहील', म्हणजे काम थांबेल. जेआयटी ठेवा, पोरांना पुढे तेच ऐकायचंय.

बखरवाचक
'ऐन'ला बदनाम करू नका. मूळ अरबी, डोळा हाही अर्थ आणि 'नेमकं तेच' हाही. 'ऐन उमेदीत', 'ऐन थंडीत' यात धांदल कुठे आहे? टोयोटाच्या ताइची ओनोंनाही हेच हवं होतं: हवं ते, हवं तेव्हा, हवं तेवढंच.

तर्जुमा
'ऐन' ठीक, पण 'ऐनवेळी दगा दिला' म्हणतो ना आपण?

कॉस्टिंगवाली
मी हे शिकवते. वेळेपेक्षा 'ओढ' महत्त्वाची आहे. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने काही बनवायचं नाही. कानबान म्हणजे जपानीत पाटी, ती मागणी घेऊन मागे जाते. फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याचं 1913चं सूत्र दर ऑर्डरमागचा, म्हणजे यंत्र नव्या मालासाठी जुळवण्याचाही, खर्च गृहीत धरून किफायतशीर लॉट (एका वेळी किती माल बनवायचा ते) काढतं. टोयोटाने तो खर्चच कमी करायला घेतला: साचा बदलायचा वेळ घटवला, लॉट आपोआप लहान झाला. 'ऐनवेळी' आणि 'यथासमय', दोन्हींत हे येत नाही. 'मागणीनुसार' म्हणावं तर तो शब्द मेड-टू-ऑर्डरने (गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीवरून बनवलेल्या मालाने) अडवलाय.

बखरवाचक
आणि साठा नसला की काय होतं? 1 फेब्रुवारी 1997ला जपानमधल्या कारियात टोयोटाला भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेना आणि टोयोटाच्या लाइनी बंद पडल्या. आपल्याकडे पन्हाळ्याचा अंबारखाना पाहा: गंगा, यमुना, सरस्वती, तीन धान्यकोठारं, वेढ्याच्या तयारीने बांधलेली. कोठी, कणगी, पेव, बळद, वखार. साठ्याला इतके शब्द ज्या भाषेत आहेत तिने 'स्टोअर' का म्हणावं? स्टोअरकीपरला 'कोठावळा' हा शब्द आहेच.

कॉस्टिंगवाली
आगीचं अर्धंच सांगितलंत. इतर पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवला आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा निघू लागल्या. टोयोटाने जेआयटी सोडलं नाही.

शॉपफ्लोअर
कोठावळा हे आडनाव झालंय आता. आणि बिन कार्डाला, म्हणजे मालाची आवक-जावक लिहितात त्या कार्डाला, काय म्हणाल?

बखरवाचक
कोठीपत्रक. 'पेव फुटणे' रोज वापरता, मग पेवाच्या शेजारचे शब्द परके कसे?

शाळेतला कारकून
तर्जुमा, तुमच्या टिपणात 'डेड स्टॉक' असेल तर जपा. आमच्या शाळेत डेड स्टॉक म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवही: बाकं, कपाटं, घंटा. सगळं रोजच्या वापरातलं! कारखान्यातला डेड स्टॉक म्हणजे न खपणारा माल. तिथे 'जडवस्तू' घातलं तर अर्थ उलटा होईल.

तर्जुमा
बरं झालं सांगितलंत, मसुद्यात नेमकं 'जडवस्तू'च आहे. 'पडीक माल' करू?

शॉपफ्लोअर
पडीक जमीन असते. माल 'पडून' असतो.

बखरवाचक
पडीक घरही असतं. मग मालाला काय हरकत?