एअर पिस्तूल : आहे त्यावरच खर्च करू की बदलून घेऊ?

गंगापूररोडकर : मंडळी, मुलगी १० मीटर खेळते. तिच्यासाठी जुनं स्टायर एलपी १० घेतलंय. ग्रिप (मूठ) हातात फिरते, त्यामुळे ग्रुप पसरतो, म्हणजे छर्रे एका जागी लागत नाहीत. क्लबातले एक जण त्यांचं इव्हो १० ई (इलेक्ट्रॉनिक ट्रिगर) द्यायला तयार आहेत. आमचं पिस्तूल आणि वर रोख मागतायत. की ग्रिप, वजनं, ट्रिगर यांवर खर्च करून हेच ठेवू?

सातपूरचा फिटर : दादा, दुखणं ग्रिपचं आहे, ट्रिगर कशाला बदलताय? लहान मापाची ग्रिप मिळाली तर उत्तम. नाहीतर जिथे टोचतं तिथे कानशीने उतरवा आणि जिथे पोकळ राहतं तिथे एमसील भरा. ओला असतानाच बोटांना टाल्कम लावून मुलीला पकड घेऊ द्या. वाळल्यावर डोळे मिटून हात उचलायला सांगा. डोळे उघडल्यावर दोन्ही साइट्स (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) एका रेषेत दिसायला हव्यात. नसतील तर परत घासा. कंटाळवाणं काम आहे, रविवार जातो. फक्त थर जपून चढवा. मॅचच्या तपासणीत पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावावं लागतं, आणि एमसीलवाले त्या ५०मध्येच अडकतात. ग्रिपची तळहाताखालची फळी ९० अंशांपेक्षा आत वळलेलीही चालत नाही.

पाहुणा : लायसन्स लागतं का हो याला?

देवळालीकर : नाही. नळी ४.५ मिमीची आणि ताकद २० ज्यूलच्या आत आहे.
गंगापूररोडकर, ट्रिगरचे स्क्रू हवे तेवढे फिरवा, पण सिअर (ट्रिगरची आतली खाच) कुणाला पॉलिश करायला देऊ नका. तपासणीत ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन न सुटता उचललं नाही तर पिस्तूल बाद. आणि दोन्ही पिस्तुलांच्या हवेच्या सिलिंडरवरच्या तारखा बघितल्यात का? मुदत १० वर्षांची असते.

नेमबाजाची आई : आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक आहे. ट्रिगर रोज सारखाच लागतो, हे खरं. पण मॅचच्या आदल्या रात्री बॅटरी बघायचं काम माझं! गुण काही लगेच वाढले नाहीत.

गंगापूररोडकर : बघितल्या. आमचा सिलिंडर पुढच्या वर्षी संपतोय, त्यांचा अजून पाच वर्षं चालेल. त्यांची ग्रिप मात्र एल मापाची.

देवळालीकर : मग नव्या सिलिंडरचा भाव काढा आणि रोख ठरवताना तो धरा, कारण पिस्तूल ठेवलंत तरी तो खर्च येणारच. पण एल ग्रिप तिच्या हातात बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सातपूरचा फिटर : कानस माझ्याकडे आहे. रविवारी दुकानावर या, पिस्तूल रिकामं करून, सिलिंडर काढून आणा.