एकतर्फी हुकूमनामा झाला, पण समन्स मिळालंच नव्हतं. मुदत गेली का?

सायली:
आईवर दावा होता हे आम्हाला गेल्या सोमवारी कळलं. वडील गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली. जुन्या घराला तेव्हापासून कुलूप आहे. घरदुरुस्तीच्या पैशांवरून ठेकेदाराशी वाद होता. त्याने दावा लावला आणि आठ महिन्यांपूर्वी एकतर्फी हुकूमनामा झाला, म्हणजे आई हजर नसतानाच कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जप्तीसाठी कोर्टाचा माणूस आला तेव्हा शेजारच्या काकूंनी फोन केला. आई रात्री उठून बसते आणि विचारते, "कोर्टाने बोलावलं आणि मी गेले नाही, असं लिहिलंय का गं माझ्याबद्दल?" दाव्याआधी त्याच्या वकिलाची नोटीस आली होती. तिला आम्ही माझ्या पत्त्यावरून रजिस्टर पोस्टाने उत्तर दिलं होतं. ते आता अंगाशी येईल का?

जुना शिरस्तेदार:
अंगाशी कसलं येतंय, तोच कागद जपून ठेवा. वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. उलट आई कुठे राहते हे वादीला दाव्याआधीच माहीत होतं, हे त्या उत्तरावरून दिसतं.
आधी नकलेचा अर्ज टाका. दावा, रोजनामा (कोणत्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), हुकूमनामा आणि मुख्य म्हणजे समन्सच्या पाठीवरचा बेलिफचा, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा अहवाल, या सगळ्याच्या सही-शिक्क्याच्या नकला घ्या. "दार बंद, समन्स दारावर चिकटविले" एवढी एकच ओळ असलेले अहवाल मी नोकरीत खूप पाहिले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम १७ प्रमाणे चिकटवण्याआधी माणसाला शोधण्याचा खरा प्रयत्न व्हायला हवा, आणि ते घरही त्याच्या नेहमीच्या राहण्याचं हवं. बेलिफ किती वेळा गेला, पंच कोण होते, हे नीट वाचा.

वकील, दिवाणी बाजू:
हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज त्याच संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली, ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथेच करायचा. मुदत ३० दिवस. एरवी ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, पण समन्सची रीतसर बजावणी झाली नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. म्हणजे तुमचे दिवस सोमवारपासून चालू झालेत असं धरून चला. तरीही सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, बजावणी योग्य होती असं कोर्टाने ठरवलं तर तोच आधार राहील.
एक धोका सांगते. बजावणीत नुसती अनियमितता असेल, पण प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता असं कोर्टाला दिसलं, तर तेवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणून शपथपत्रात आईला कधी, कुणाकडून कळलं ते तारखेसह लिहा आणि काकूंचंही शपथपत्र घ्या.
अर्ज केला म्हणून दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई, आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. कोर्ट खर्च किंवा काही रक्कम भरायची अट घालू शकतं, तेवढी तयारी ठेवा. अर्ज फेटाळला तर आदेश ४३ खाली अपील आहे.

पाटकर काका:
आमच्या भावाने हा अर्ज न करता थेट हुकूमनाम्यावर अपील केलं. गुणदोषांवर ते फेटाळलं गेलं आणि मग नियम १३ चा रस्ताच बंद झाला. अपील मागे घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. भाऊ आजारी होता म्हणून तारखेला गेला नव्हता, डॉक्टरांचे कागदही होते, पण ते कुणी पाहिलेच नाहीत. अजून वाईट वाटतं. आधी वकिलांना विचारा, मगच सही करा.

सायली:
आज नकला मिळाल्या. बेलिफ एकदाच गेला होता, दुपारी. पंच म्हणून कुणाचंच नाव नाही. दाव्यात आईचा पत्ता जुनाच टाकलाय, आणि त्याच दाव्यासोबत आमचं नोटिशीचं उत्तर वादीने स्वतःच जोडलंय, वर माझा पत्ता स्पष्ट दिसतो. आईला ते पान दाखवलं. तिने चष्मा लावून पत्ता दोनदा वाचला. शुक्रवारी अर्ज दाखल करतोय.