एक शब्द, अनेक अर्थ : तुमची 'लाइन' कोणती? (अनुभव धागा)

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका शाळेत मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आठवीच्या मुलांना 'लाइन' हा इंग्रजी शब्द वापरून एक वाक्य लिहायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी पट्टीने सरळ रेघ काढली किंवा तिकिटाच्या खिडकीपाशी रांग लावली; एका मुलाने मात्र 'माझे वडील रोज सकाळी लाइन बांधतात' अशा अर्थाचे वाक्य लिहिले. लाइन आखतात, ओढतात, बांधत नाहीत, असे म्हणून मी त्याच्याखाली लाल शाईची रेघ मारली. मुलगा काही बोलला नाही. त्याचे वडील गवंडी आहेत हे मला पुढच्या पालकसभेत समजले, आणि घरी येऊन शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तेव्हा माझी लाल शाई मलाच लागली. लॅटिनमध्ये 'लीनुम' म्हणजे जवस. त्या झाडाच्या खोडातून निघणाऱ्या वाखाचा धागा किंवा दोरी ती 'लीनेआ', आणि तिच्यावरूनच हा इंग्रजी शब्द आला. म्हणजे दोरी आधीची आणि कागदावरची रेघ नंतरची. मुलाचे वाक्य बरोबर होते, चूक बाईंची होती.

इंग्रजी माणूस जिथे या एका शब्दावर भागवतो तिथे मराठीत रेघ, रेषा, ओळ, रांग, तार, दोरी असे निरनिराळे शब्द आहेत. तरीही कोल्हापुरात विजेपासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळीकडे 'लाइन'च चालते. आपापल्या कामात या शब्दाचा नेमका अर्थ काय आहे आणि त्याने आपल्याला कधी फसवले आहे काय, हे आपण लिहावे. व्याख्येपेक्षा प्रसंग लिहिल्यास अधिक बरे. 'लाइन मारणे' या विषयावरील अनुभव नाव न देता लिहिले तरी चालतील.

बांधकाम ठेकेदार, कळंबा

बाई, त्या मुलाच्या वडिलांच्या वतीने मी लिहितो, कारण माझीही सुरुवात थापी हातात घेऊनच झाली. आमच्याकडे 'लाइन' दोन प्रकारची असते. प्लॉटवर पायाची आखणी करतात तिला आम्ही 'लाइन आउट' म्हणतो. तीन, चार आणि पाच फुटांचा त्रिकोण धरून कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायचा, खुंट्या मारायच्या, दोरी ताणायची आणि तिच्यावरून फक्की सोडायची. मग दोरी काढून घेतली तरी जमिनीवर पांढरी रेघ राहते. बाईंनी कोशात जे वाचले ते आम्ही प्रत्येक पायाला करत असतो.

दुसरी लाइन म्हणजे विटांच्या थराची लाइनदोरी. दोन्ही कोपऱ्यांच्या विटा ओळंब्यात बसवल्या की त्यांच्यामध्ये ती बांधायची आणि थर चढेल तशी वर घ्यायची. वीट दोरीला कधीही टेकवायची नाही, हे मला माझ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, कारण एक वीट टेकली की ती दोरीला ढकलते, ढकललेल्या दोरीवर पुढची वीट बसते, आणि भिंतीला पोट कोठून आले हे संध्याकाळी कोणालाच कळत नाही. वीट आणि दोरी यांच्यात केसाएवढी फट ठेवायची. आमचे जुने मिस्त्री मापही 'सुतात'च सांगत असत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मराठीतही दोरा हा माप झाला, तर इंग्रजीत तो रेघ झाला यात मला विशेष नवल वाटत नाही.

निवृत्त लाइनमन

माझे घर लाइन बाजारात आणि नोकरी लाइनमनची, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणे शक्य नव्हते. आमच्या खात्यात लाइन म्हणजे खांबावरची तार; घरातील जोडणीत दोन तारांपैकी जिला टेस्टर लावल्यावर दिवा लागतो ती लाइन आणि दुसरी न्यूट्रल; आणि गल्लीच्या भाषेत लाइन म्हणजे साक्षात वीज. 'लाइन गेली न्हवं!' असे लोक ओरडतात तेव्हा तार जागेवरच असते, हे आम्ही कोणाला समजावत बसत नाही.

परंतु ज्या शब्दावर आमचा जीव टांगलेला असतो तो म्हणजे 'लाइन क्लिअर'. उपकेंद्रातून पुरवठा बंद केला, स्विच उघडून तिथे कुलूप आणि पाटी लावली की काम करणाऱ्या पथकाला एक लेखी परवाना मिळतो, त्याला आम्ही लाइन क्लिअर म्हणतो. त्यानंतरही खांबावर हात घालण्यापूर्वी डिस्चार्ज रॉडने तार जमिनीशी जोडायची असते, कारण कोणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा पुरवठा तारेत सोडू शकतो. एका पावसाळ्यात गगनबावडा रस्त्याला झाडे पडली आणि एकाच वाहिनीवर आमची दोन पथके, दोन वेगळ्या परवान्यांवर, साधारण किलोमीटरभर अंतराने काम करत होती. दुसऱ्या पथकातील एका नवख्या मदतनिसाने उपकेंद्रात फोन करून 'लाइन क्लिअर आहे' असे सांगितले. त्याला म्हणायचे होते की फांदी निघाली, तार मोकळी झाली, आता पुरवठा सुरू करायला हरकत नाही. मी त्या वेळी खांबावर होतो. ऑपरेटरने नेहमीच्या थंडपणे 'परवाना क्रमांक सांगा' असे विचारले, मुलाला तो सांगता येईना, आणि तेवढ्यावर सगळे थांबले. जे दोन शब्द माझ्या दृष्टीने 'बंद आहे' असे सांगत होते, त्यांचाच अर्थ त्या मुलाने 'सुरू करा' असा केला होता.

रेल्वेतील निवृत्त स्थानक अधीक्षक

लाइनमन साहेबांचे वाचून मी क्षणभर थबकलो, कारण त्या मदतनिसाचा अर्थ आमच्याकडे रीतसर आहे. रेल्वेत 'लाइन क्लिअर' म्हणजे पुढच्या स्थानकाने 'मार्ग मोकळा आहे, गाडी पाठवा' अशी दिलेली संमती होय. आमच्याकडे लाइन क्लिअर मिळाली की गाडी धावू लागते, आणि त्यांच्याकडे मिळाली की तारेतील वीज थांबलेली असते. माझे मेहुणे वीज खात्यात होते. 'लाइन क्लिअर घेऊन बसलोय' असे ते फोनवर म्हणाले की आपल्याला काही समजत नाही, हे मान्य करायला मला बरीच वर्षे लागली.

कोल्हापूर संस्थानाने बांधलेला आणि १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्ग एकेरीच होता. अशा एकेरी मार्गांवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून जुन्या काळी दोन स्थानकांत परस्परांशी जोडलेली यंत्रे असत आणि त्यांतून एका वेळी एकच लोखंडी गोळा बाहेर पडत असे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवीला वेताचे मोठे कडे लावून ड्रायव्हरच्या हाती दिला जाई, आणि तो हाती आल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. लाइन क्लिअर ही वस्तू हातात धरता येते, तिला वजन असते, असे मी नव्या मुलांना सांगत असे.

उपसंपादक, एक दैनिक

डेडलाइनबद्दल लिहितो, कारण ती सध्या डोक्यावर आहे. १८६४ साली, अमेरिकी यादवी युद्धात, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आतल्या बाजूने एक साधा लाकडी कठडा होता. तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत आणि त्या कठड्याला 'डेड लाइन' म्हणत. तो शब्द पुढे वृत्तपत्रांत येऊन शेवटची वेळ या अर्थाने रुळला. आमच्या कचेरीत गोळी घालत नाहीत, पण शहर आवृत्तीचे पान एकदा वीस मिनिटे उशिरा गेले तेव्हा गठ्ठे घेऊन जाणाऱ्या गाड्यांच्या चालकांनी मला ज्या नजरेने पाहिले तिच्यात हेतू साधारण तोच होता. लाइनमन साहेबांच्या कामात 'डेड', म्हणजे वीज बंद असलेली, लाइन हीच सुरक्षित लाइन, हे लक्षात येऊन हेवा वाटला.

फौंड्रीतील भट्टी पर्यवेक्षक, शिरोली

माझी आई ब्लाउज शिवत असे, त्यामुळे 'लायनिंग' म्हणजे आतून लावायचे सुती अस्तर, एवढाच अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता. फौंड्रीत लागलो त्या दिवशी वरिष्ठांनी 'जा, लायनिंग बघून ये' असे सांगितले, आणि मी कामगारांच्या कोटाच्या खोलीत जाऊन एक जाड ॲप्रन उलटा करून पाहू लागलो. हे पुढे कित्येक महिने मला ऐकावे लागले.

आमच्याकडे लायनिंग म्हणजे विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीच्या आतला थर. सिलिकाचे कोरडे मिश्रण (रॅमिंग मास) थराथराने ठोकून बसवायचे आणि मग तापवून भाजून घट्ट करायचे. आत सुमारे साडेचौदाशे अंशांचे वितळलेले लोखंड, बाहेर तांब्याची कॉइल, आणि त्या पोकळ कॉइलमधून थंड ठेवण्यासाठी वाहणारे पाणी. या दोहोंच्या मध्ये फक्त तो काही इंचांचा थर उभा असतो. प्रत्येक वितळणीगणिक तो थोडा थोडा झिजतो. रस कॉइलपर्यंत पोहोचून पाण्याला भिडला तर वाफेचा स्फोट होतो, म्हणून दर पाळीला लायनिंग पाहण्याचे काम जाणत्या माणसाकडेच असते, आणि माझ्याकडे ते पहिल्या दिवशी नक्कीच द्यायला नको होते. ऑइल इंजिनांच्या या गावात लायनर हा शब्दही घरोघरी आहे: इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जी नळी बसवतात आणि जिच्यातून पिस्टन वरखाली होतो, ती. बाई, या लायनिंगचा त्या दोरीशी काही संबंध आहे काय?

(पर्यवेक्षकांस : दोरीशी थेट नाही, परंतु जवसाशी आहे. कपड्याला आतून जवसाचे, म्हणजे लिननचे, कापड लावत, म्हणून अस्तर लावण्याच्या क्रियेला इंग्रजीत हेच नाव पडले. तुमच्या आईंचे अस्तर आणि तुमची भट्टी एकाच झाडाखालची आहेत.)

महाविद्यालयीन विद्यार्थिनी

दहावीनंतर प्रत्येक पाहुण्याने मला 'कुठली लाइन घेतलीस?' असे विचारले, आणि आता घरी येणारी स्थळे 'मुलगा कोणत्या लाइनला आहे?' या प्रश्नाने तपासली जातात. इंग्रजीतही पेशाला हा शब्द वापरतात असे बाईंनीच आम्हाला सांगितल्याचे आठवते. लाइन मारण्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण हा धागा माझे बाबाही वाचतात.

स्थानिक फुटबॉल पंच

शाहू स्टेडियमवर मी बरीच वर्षे रेषेवर झेंडा घेऊन धावलो आहे. नियमपुस्तिकेने १९९६ मध्ये आमचे 'लाइन्समन' हे नाव काढून सहायक पंच असे केले, परंतु पेठांच्या सामन्यात ऑफसाइडचा झेंडा वर गेला की गॅलरीतून अजूनही 'ए लाइनमन!' अशीच हाक येते, आणि तिच्यानंतरचे शब्द येथे लिहिण्यासारखे नसतात.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. रेघ ओढली की ती कोणाची, हा प्रश्न खेळागणिक बदलतो. फुटबॉलमध्ये रेघ ही मैदानाचाच भाग मानली जाते, तिची रुंदी फार तर बारा सेंटिमीटर असते, आणि पूर्ण चेंडू तिच्यापलीकडे गेल्याशिवाय गोलही होत नाही व चेंडू बाहेरही जात नाही. क्रिकेटमध्ये फलंदाजाची बॅट क्रीझच्या रेघेवर असेल आणि आत नसेल तर तो धावबाद. एकाच फक्कीने, एकाच माणसाने मारलेल्या रेघेवर उभा असलेला खेळाडू एका खेळात आत असतो आणि दुसऱ्यात बाहेर. ज्यांनी हे दोन्ही खेळ पाहिले आहेत ते प्रेक्षक आमच्याशी सर्वांत जास्त भांडतात.

रहिवासी, शाहूपुरी, कुंभार गल्लीच्या बाजूला

पंच साहेबांचा प्रश्न आमच्या घराला रोज पडतो. पंचगंगेच्या पूररेषा नकाशावर दोन आहेत: सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात अटींसह. आमच्या गल्लीत घर घेणारा माणूस आधी पाण्याचे, मग शेजाऱ्यांचे आणि लगेच 'ब्लू लाइनच्या आत की बाहेर?' असे विचारतो. नकाशावरची ती बारीक रेघ जमिनीवर नेमकी कोठून जाते, यावर मात्र दोन सर्व्हेअर एकमत होत नाहीत. आमच्यापुरती खरी लाइन भिंतीवर आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर गेले. गाळाची पहिली तपकिरी रेघ आम्ही रंगाखाली झाकली होती, तिच्या वर दुसरी आली, आणि आता आम्ही तो कोपरा रंगवत नाही.

२०१९ साली आम्ही दोन कुटुंबे वरच्या मजल्यावर अडकलो होतो. वीज बंद होती. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने नळाची पाइपलाइन असून उपयोग नव्हता. टॉवर बंद पडल्याने फोनची लाइनही लागत नव्हती. पुण्याच्या मामांचा एक फोन कसाबसा लागला तेव्हा मी 'लाइन नाही, लाइन नाही' एवढेच सांगू शकलो आणि तो तुटला. मामांनी त्याचा अर्थ मदतीच्या होडीसाठी आमच्याकडे गर्दी नाही, रांग नाही, असा घेतला आणि ते रात्रभर निवांत झोपले. पाणी ओसरू लागल्यावर एका सकाळी समोरच्या गच्चीवरून कोणीतरी 'लाइन आली! लाइन आली!' असे ओरडले. आम्ही सगळे जिन्याकडे धावलो. आजी मात्र जागेवरून हलल्या नाहीत, त्यांनी तिथूनच विचारले, "कंची रं?"