करंजी की नेवरी? गोव्यातल्या गिऱ्हाईकाला मोबाइलवर गाठायचं कसं

फोंडेकर (धागाकर्ता)

वहिनीचा पाच बायकांचा गट चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नेवऱ्या, लाडू, चकल्या करून विकतो. दोन वर्षांपूर्वी जाहिरातीचं काम मुंबईच्या एका एजन्सीला दिलं. त्यांचा मजकूर आला, 'बाप्पाच्या आगमनासाठी खुसखुशीत करंज्या!' वहिनी म्हणाली, करंज्या कोण करतंय हो इथे? आम्ही त्यांना नेवऱ्या म्हणतो. पण तोवर जाहिरात सुटली होती. फेसबुकवर ठिकाण नुसतं 'गोवा' निवडलेलं. चार दिवसांत तीन हजार संपले. अंगठे ढीगभर, चौकशा अकरा. त्यातल्या सात कळंगुट-बागा भागात उतरलेल्या पर्यटकांच्या. एकाने विचारलं, बर्थडे केक करता का?

कारण मागाहून कळलं. तिथे पूर्वी 'इथे राहणारे' आणि 'इथे फिरायला आलेले' असे वेगळे पर्याय होते. २०२३ मध्ये ते एकत्र झाले. जो नुकता इथे येऊन गेला तोही आता धरला जातो. पर्यटकांच्या राज्यात हे केवढ्याला पडतं बघा.

गेल्या चवथीला मीच बसलो. फेसबुकच्या नकाशावर फोंड्याला एक पिन, डिचोलीला एक, दोन्हींना पंधरा किलोमीटरचा घेर. डिचोलीचा घेर महाराष्ट्रातल्या दोडामार्गात शिरत होता, तेवढा वगळला. मजकुरात 'नेवऱ्या' आणि 'चवथ'. गुगलच्या नकाशावर बिझनेस प्रोफाइल केलं, ते फुकट असतं. खर्च नऊशे, ऑर्डरी चौसष्ट. साधन तेच, पण आपल्या मापाने बेतून घेतलं तरच पैसे वसूल होतात, हे माझं मत.

म्हापशाचा दुकानदार

फोंडेकर बाब, ऑर्डरी वाढल्या त्या वहिनींच्या हाताने. आदल्या वर्षी ज्यांनी खाल्लं त्यांनी शेजारी सांगितलं. श्रेय पिनला कशाला?

माझं दुकान तीस वर्षांचं. मे महिन्यात लोक शुक्रवारच्या बाजाराला पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला येतात. मिरची हातात घेतात, मोडतात, वास घेतात, मग भाव विचारतात. खोला गावच्या मिरचीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी ती खोल्याचीच आहे हे मोबाइलच्या फोटोत कसं कळणार? आणि २०११ च्या जनगणनेत हे राज्य १४.५८ लाखांचं. त्याचे आणखी किती तुकडे करणार? मी जत्रेच्या नाटकाच्या स्मरणिकेत पाव पान देतो. पैसे गावात राहतात, वर देवाचं काम.

एक विचारू? दोडामार्ग वगळलात कशाला? तिथली माणसं डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला येतात, माझ्याकडे शुक्रवारी येतात. सरहद्द सरकारी कागदावर आहे, पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला ती दिसत नाही.

साखळीची डिझायनर

काका, स्मरणिका मीच लावून देते, म्हणून सांगते. लोक अध्यक्षांचा फोटो बघतात, आपल्या पोराचं नाव शोधतात आणि मिटतात. पाव पान ही वर्गणी असते. द्या जरूर, पण तिला जाहिरात म्हणू नका.

फोंडेकरदादा, तुमचं भाषेचं कोडं अजून अर्धंच सुटलंय. गुगलच्या जाहिरातींत भाषा निवडायची यादी असते, तिच्यात मराठी आहे, कोंकणी नाही. गुगलच्या भाषांतरात कोंकणी २०२२ मध्ये आली. त्यातून निघालेलं वाक्य आजीला वाचून दाखवा, ती विचारील, हे कोणाच्या घरचं? आमच्याकडे बोलणं कोंकणीत, पेपर मराठी आणि मोबाइलवर टाइप रोमन अक्षरांत. म्हणून मी गिऱ्हाईकांना सांगते की लेखी मजकूर मराठी ठेवा, आवाज कोंकणी. वहिनींनाच बोलायला लावा, वीस सेकंद, मागे कढईचा आवाज येऊ दे. आणि नकाशावरच्या वर्णनात 'नेवरी' रोमन अक्षरांतही लिहा, शोधणारा तसंच शोधतो.

मडगावकार

तुमचा गोवा डिचोली ते फोंडा एवढाच दिसतोय! १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी देवनागरीत बसवली, पण इथल्या साष्टी तालुक्यातल्या माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचे डोळे रोमीवरच, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीवर. त्यांच्या नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, नेवऱ्या असतातच. माल एकच, पंचांग वेगळं, लिपी वेगळी. चवथीनंतर जाहिरात बंद केलीत म्हणजे अर्धं गिऱ्हाईक सोडलंत.

सत्तरीचो

हे सगळं ठीक, पण व्हॉट्सअॅपवाल्यांना कोणीतरी आवरा. देवळाच्या उत्सवाला वर्गणी देताना वहीत नंबर लिहिला. पंधरा दिवसांत एका फर्निचरवाल्याच्या ग्रुपात मी, माझा भाऊ आणि आमचे भटजी! वहीचा फोटो कोणी काढला, देव जाणे. हेच जर तुमचं 'स्थानिक' मार्केटिंग असेल तर मला नको. त्यापेक्षा परका जाहिरातदार बरा, तो निदान माझ्या भावाला ओळखत नाही.

साखळीची डिझायनर

म्हणूनच ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. ज्याला नको त्याच्या डोक्याला ताप नाही.

म्हापशाचा दुकानदार

म्हणजे आधी माणसाने माझा नंबर सेव्ह करायला हवा. तो करणार कधी? दुकानात आल्यावर. आलात ना माझ्या उंबऱ्यावर!

फोंडेकर

दोडामार्गाचं मान्य, ती माझी चूक. नकाशावरची रेघ बघून वगळलं, बाजाराचा वार आठवलाच नाही.

बाकी वही काढून बसलोय. प्रत्येक ऑर्डरीला विचारलं होतं, कुठून कळलं? शेजाऱ्याकडून २७, व्हॉट्सअॅपवरून २२, नकाशावरून ९, जाहिरात बघून ६.

म्हापशाचा दुकानदार

सहा! नऊशे रुपयांत सहा. माझं पाव पान यापेक्षा वाईट नाही.

फोंडेकर

काका, व्हॉट्सअॅपचे २२ आकाशातून पडले नाहीत. नेवऱ्यांच्या डब्यावर नंबराची चिठ्ठी लावली होती, खाणाऱ्याने तो सेव्ह केला. शेजाऱ्याने सांगितलं त्या २७ जणांतही काहींनी आधी नकाशावर फोटो बघून मग फोन लावला. हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यात घालू, मलाच कळत नाही.

म्हापशाचा दुकानदार

शेजाऱ्याच्या.

मडगावकार

तुमचं चालू दे. नाताळला करणार असाल तर रोमीतला मजकूर मी लिहून देतो, पैसे नकोत. फक्त सारण ओल्या खोबऱ्याचं की सुक्या, ते आधी सांगा. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच येणार.